म्यानाची कारागिरी

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार, राज्य शासनाने लंडनच्या लिलावात खरेदी केल्यानंतर, मुंबईत दाखल झाली. या घटनांमुळे जुन्या शस्त्रांविषयी जनतेत नवे कुतूहल निर्माण झाले. शाळांची स्नेहसंमेलने, शिवजयंतीच्या मिरवणुका, गावातील छोटी संग्रहालये यांसाठी शस्त्रांच्या प्रतिकृती तयार करून घेतल्या जातात. त्या वेळी पात्याची लांबी आणि मुठीचा घाट यांची बारकाईने चौकशी होते. म्यानाची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. पत्र्याची नळी करावी, तीवर लाल मखमल चिकटवावी, की म्यान झाले, असा समज दिसतो. रंगमंचावर अशा म्यानातून तलवार उपसताना जो खडखडाट होतो, तो प्रेक्षकांना वीरश्रीचा वाटतो. जुन्या काळच्या स्वाराला तो आपल्या धारेचा नाश वाटला असता.

याविषयी एक बोलका दाखला उपलब्ध आहे. लुई नोलन या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने १८५३ मध्ये घोडदळावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात निजामाच्या स्वारांच्या एका चकमकीची हकिकत आहे. या स्वारांनी केलेले वार पाहून इंग्रज अधिकारी चकित झाले होते. चौकशीअंती कळले की, त्यांची पाती इंग्रजी घोडदळाने टाकून दिलेलीच होती! स्वारांनी ती देशी मुठींत बसविली होती, त्यांना चांगली धार लावली होती आणि ती लाकडी म्यानांत ठेवली होती. लढाईखेरीज ती बाहेर काढली जात नसत. तेच पाते इंग्रज स्वाराजवळ असताना पोलादी म्यानात राहत असे. घोडा दौडू लागला की पाते आत हिंदकळे, लोखंडावर लोखंड घासे आणि धार बोथट होई. निजामाच्या या घोडदळाची ठाणी औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई) अशी आपल्या मराठवाड्यातच होती, हे येथे नमूद करावयास हवे.

म्यान म्हणजे शोभेचे वेष्टन नव्हे, धार राखणारी पेटी होय, हे एकदा ध्यानात आले म्हणजे तिची घडण समजणे सोपे जाते. आधी पाते, मग म्यान, असा क्रम असे. हलक्या, सरळ रेषेच्या आणि चीक नसलेल्या लाकडाच्या दोन पातळ पट्ट्या घ्यावयाच्या, पाते त्यांवर ठेवून त्याची आकृती आखून घ्यावयाची आणि दोन्ही पट्ट्या आतून तेवढ्याच कोरावयाच्या. कोरल्यानंतर लाकडाची जाडी जेमतेम एखादे सूत उरते. खोली जास्त झाली तर पाते आत खुळखुळते. कमी झाली तर पावसाळ्यात लाकूड फुगून ते अडकते. धारेच्या बाजूला किंचित मोकळीक ठेवावी लागते, म्हणजे तलवार उपसताना पाते पाठीवर सरकते आणि धार कशालाही लागत नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही म्हण आपण राजकारणात वापरतो. म्यान करणाऱ्याच्या दृष्टीने तो रोजच्या व्यवहाराचा नियम होता. एका पात्यासाठी कोरलेल्या म्यानात दुसरे पाते नीट बसतच नाही.

पात्याच्या घाटाप्रमाणे अडचणीही निरनिराळ्या. धोप किंवा फिरंग सरळ असल्याने तिचे म्यान त्यामानाने सोपे. वक्र तलवारीचा बाक वर्तुळाच्या कंसासारखा एकसारखा असेल तर ती सुखाने आत जाते. बाक टोकाकडे वाढत गेला असेल तर म्यानाच्या तोंडाशी पाठीच्या बाजूने चीर ठेवावी लागते. खांडा टोकाकडे रुंद होत जातो. त्यामुळे म्यानाचे तोंडही त्या रुंदीचेच करावे लागते. प्रतिकृतींमध्ये खांड्याचे म्यान तोंडाशी अरुंद दाखविलेले आढळते. तो खांडा आत कसा गेला, हे विद्यार्थ्यांना अवश्य विचारावे.

दोन्ही पट्ट्या सरसाने जोडल्यावर त्यांवर पातळ चामडे ओले असतानाच ताणून शिवीत. वाळताना ते आकसते आणि लाकूड घट्ट आवळून धरते. शिवण अंगाकडील बाजूस घेतली जाई. उंची म्यानांसाठी किमुख्त नावाचे दाणेदार कातडे वापरीत. घोड्याच्या वा गाढवाच्या ओल्या कातड्यात बिया दाबून ते वाळवावयाचे, बिया झटकून टाकून पृष्ठभाग तासावयाचा आणि मग पुन्हा भिजवावयाचे. दबलेले ठिपके फुगून वर येतात व कातडे दाणेदार होते. हे कातडे बहुधा हिरवे रंगवीत. सरदारांच्या म्यानांवर मखमल येई. सामान्य शिपायाचे म्यान साध्या चामड्याचे असे. तोंडाशी मोहनाल आणि टोकाशी तहनाल अशी धातूची दोन टोपणे असत. पैकी टोक जमिनीवर, रिकिबीवर आपटत असल्याने तहनालेची गरज अधिक. साध्या म्यानांना मोहनाल पुष्कळदा नसेच. तेव्हा मावळ्याच्या म्यानाला दोन्हीकडे पितळी नक्षी दिली म्हणजे ते अधिक ऐतिहासिक होते, असे नाही.

हे काम एका हातचे नव्हते. पात्याला धार व झिलई देणे शिकलगाराचे. जीन, खोगीर यांबरोबर म्यान मढविणे जिनगराचे. तलवारी अंगावरून उतरल्या तसे दोघेही अन्य व्यवसायांकडे वळले.

लाकूड, सरस, चामडे आणि मखमल ही वाळवी, कसर व बुरशीची आवडती खाद्ये असल्याने पाते टिकते आणि म्यान जाते. घरोघर खंडेनवमीला पूजल्या जाणाऱ्या तलवारींच्या बाबतीत हे विशेष जाणवते. फाटके म्यान फेकून देऊन नवे आणले जाते आणि त्याबरोबर शिवणीची पद्धत, लाकडाची जात, आतील कोरीव माप हा सर्व पुरावा नष्ट होतो. उलट, जुन्या म्यानातच पाते वर्षानुवर्षे ठेवणेही घातक. कमावलेल्या चामड्यातील आम्ले आणि लाकडाने शोषलेला ओलावा यांमुळे पाते आतून गंजते व पुढे निघता निघत नाही. अडकलेले पाते हिसका देऊन ओढू नये. लाकडाचे सांधे उकलतात. आत तेल ओतणे तर सर्वस्वी टाळावे.

पाते आणि म्यान वेगवेगळे, परंतु शेजारी ठेवावेत. पात्याला तेलाचा पुसट हात द्यावा, म्यान कोरड्या सुती कापडात गुंडाळावे आणि हळदकुंकू मखमलीवर न वाहता ताम्हनात वाहावे. शंभर वर्षांहून जुनी शस्त्रे १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याच्या कक्षेत येत असल्याने त्यांविषयी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे विचारणा करता येते. शाळेच्या वा ग्रामपंचायतीच्या संग्रहनोंदीत मात्र ‘तलवार, म्यानासह’ एवढेच लिहून थांबू नये. म्यानाची लांबी, तोंडाची व टोकाची रुंदी, शिवण कोणत्या बाजूस आहे, धातूची टोपणे आहेत किंवा नाहीत आणि हे पाते त्यात पूर्ण बसते की नाही, या गोष्टी त्याच ओळीत पुढे लिहाव्यात.