कार्ड ‘फॉरमॅट करा’ म्हणतंय? आधी थांबा! लग्नाचे फोटो परत मिळू शकतात

ठाणाकुशनूर : लग्न उदगीरला, फोटोग्राफर ठाणाकुशनूरचा, नवरी भालकीची. लग्नसराईत सीमाभागात हे रोजचंच चित्र. दोन दिवस जागून हळद, अक्षता, बिदाई सगळं टिपलं जातं. घरी येऊन कार्ड कॉम्प्युटरला लावलं की स्क्रीनवर येतं, ‘डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’. काही वेळा फोटो दिसतात, पण उघडत नाहीत. उघडलाच तर वरचा अर्धा फोटो चांगला असतो आणि खाली नुसते गुलाबी पट्टे. नवरीच्या वडिलांना काय सांगायचं? अक्षता पुन्हा पडत नाहीत.

अशा वेळी फोटो वाचणार की जाणार, हे बहुतेकदा पहिल्या दहा मिनिटांत काय केलं यावरच ठरतं.

फोटो गेला म्हणजे नेमकं काय झालं?

मेमरी कार्डात फोटो एकीकडे असतात आणि कोणता फोटो कुठे ठेवलाय याची यादी दुसरीकडे. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डात ही यादी ‘फॅट३२’ पद्धतीची असते, त्यापेक्षा मोठ्या कार्डात ‘एक्सफॅट’. फोटो लिहिला जात असताना बॅटरी संपली किंवा कार्ड ओढून काढलं, की ही यादी बिघडते. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली तरी आतली पानं शाबूत राहतात, तसंच हे. फोटो डिलीट केला किंवा साधं फॉरमॅट मारलं तरी बहुतेकदा फक्त यादीच पुसली जाते. मात्र कॅमेऱ्यातला ‘लो-लेव्हल फॉरमॅट’ केला असेल तर आशा कमीच.

दुसरा प्रकार जास्त अवघड. यादी ठीक असते, पण फोटोच्या आतलाच मजकूर बिघडलेला असतो. रॉ फाईल दाबून लहान केलेली असते आणि तिचा पुढचा भाग मागच्या भागाच्या आधारे उलगडतो. त्यामुळे मध्ये एक जागा खराब झाली की तिथून खालचे रंग बिघडत जातात.

पहिली दहा मिनिटं

कार्ड लगेच कॅमेऱ्यातून काढावं. त्यावर एकही नवा फोटो काढू नये, कारण नवा फोटो जुन्याच्या जागेवर बसला तर जुना कायमचा गेला. एसडी कार्डाच्या कडेला छोटं बटण असतं, ते ‘लॉक’कडे सरकवावं. विंडोज ‘दुरुस्त करू का’ किंवा ‘फॉरमॅट करू का’ असं विचारतं, तेव्हा ‘नाही’ म्हणावं. ही दुरुस्तीसुद्धा कार्डावर लिहूनच होते. एकदा दुसरा कार्ड रीडर लावून पाहावा. पुष्कळदा दोष रीडरचाच निघतो.

परत मिळवायचं कसं?

फ्रान्सच्या ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी बनवलेलं ‘फोटोरेक’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. यादीकडे न बघता ते कार्डाचा कोपरा न् कोपरा तपासतं आणि फाईलच्या सुरुवातीची खूण ओळखून फोटो बाहेर काढतं. कॅननच्या सीआर२, निकॉनच्या एनईएफ आणि सोनीच्या एआरडब्ल्यू फाईल त्याला ओळखता येतात. सापडलेले फोटो त्याच कार्डावर न ठेवता कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर घ्यावेत. फाईलची जुनी नावं मिळत नाहीत, पण फोटोच्या आत तारीख-वेळ असते, तिच्यावरून क्रम लावता येतो.

कार्ड अडखळत वाचलं जात असेल तर आधी त्याची पूर्ण नक्कल, म्हणजे ‘इमेज’, करून घ्यावी आणि पुढचं सगळं काम त्या नकलेवर करावं. ग्रेनिए यांच्याच ‘टेस्टडिस्क’मध्ये ही सोय आहे.

रॉच्या पोटात जेपीईजी

रॉ फाईल फाटलेलीच निघाली तर? कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर फोटो दाखवण्यासाठी प्रत्येक रॉ फाईलच्या आत एक तयार जेपीईजी ठेवलेला असतो. सीआर२मध्ये तो रॉ मजकुराच्या आधी असतो, म्हणून फाईलची शेपटी तुटली तरी तो वाचू शकतो. फिल हार्वे यांच्या ‘एक्झिफटूल’ या मोफत सॉफ्टवेअरने तो वेगळा काढता येतो. कॅनन-निकॉनच्या बऱ्याच मॉडेलमध्ये हा जेपीईजी मोठा असतो. सोनीच्या अनेक जुन्या मॉडेलमध्ये मात्र तो १६१६ बाय १०८० पिक्सेलचाच असतो. त्याचा १२ बाय ३६ चा अल्बम होणार नाही, पण ४ बाय ६ चा फोटो नीट निघतो. आजीचा शेवटचा फोटो असेल तर तेवढंही खूप झालं.

दुकानात देण्याआधी

कार्ड कॉम्प्युटरला दिसतच नसेल, तडकलं असेल किंवा तापत असेल, तर घरी प्रयोग नकोत. ते डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यावं. बीदर असो, लातूर असो की हैदराबाद, दोन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. फोटो नाही निघाले तर पैसे किती? आणि काम झाल्यावर त्यांच्याकडची कॉपी पुसणार का? कार्डात दुसऱ्याच्या घरातल्या बायका-मुलांचे फोटो असतात, ही जबाबदारी फोटोग्राफरचीच.

जिथे नवं काही लिहिलं गेलंय, तिथला जुना फोटो कुणालाच आणता येत नाही. ‘शंभर टक्के गॅरंटी’ देणाऱ्यापासून जपून राहावं.

पुढच्या लग्नाआधी

दोन स्लॉटचा कॅमेरा असेल तर दोन्ही कार्डांवर एकाच वेळी सेव्ह लावावं. चालू कार्यक्रमात नको असलेले फोटो कॅमेऱ्यातच डिलीट करत बसू नये. त्याने मध्ये मोकळ्या जागा पडतात, पुढच्या फाईल तुकड्यांत साठतात आणि तुकड्यांतली फाईल परत जुळवणं फोटोरेकलाही जड जातं. स्वस्तात घेतलेलं नवं कार्ड रिकामं असतानाच ‘एच२टेस्टडब्ल्यू’ने तपासावं. वर ६४ जीबी छापलेलं आणि आत त्याहून कितीतरी कमी, अशी नकली कार्डं बाजारात आहेत. ती भरली की पुढचे फोटो बिघडतात.

आणि फोटो दोन ठिकाणी कॉपी होऊन उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये, रात्री कितीही उशीर झाला तरी.