अडीच मीटर आत, एक मीटर बाहेर

25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडायला लागली, आणि तेव्हापासून ज्याला त्याला जुनं पनवेल आठवायला लागलं आहे. पुरवण्या निघाल्या, भाषणं झाली. 1852 ची नगरपालिका, 1872 चं धूतपापेश्वर, बैलगाडीची चाकं, वडाळे तलाव, बल्लाळेश्वर. यादी ठरलेली आहे. त्यात शिवणारी माणसं कुठेच नाहीत. गावातल्या प्रत्येक लग्नाच्या मांडवाला, शाळेच्या प्रत्येक गॅदरिंगला, नवरात्रातल्या प्रत्येक घागऱ्याला ज्यांचे हात लागले, त्यांची आठवण कुणाला होत नाही. आम्ही चाकं बनवली असती तर आलो असतो कदाचित.

मला हे आत्ता बोचायचं कारण विमानतळ नाही. उरण नाक्याकडचा जुन्या मशीनवाल्याचा गाळा यंदा बंद झाला. इमारत पुनर्विकासाला गेली, मालकाने भाडेकरूंना पैसे देऊन मोकळं केलं, आणि हा मेकॅनिक गावी निघून गेला. माझ्या माहितीत झालरीच्या मशीनचं पातं बसवू शकणारा पनवेलातला तो शेवटचा माणूस. साधं मशीन कुणीही दुरुस्त करतं. झालरीचं नाही.

झालरीचं मशीन घेण्याआधीची वर्षं मी भराभर संपवते, कारण ती सगळी सरळ टिपेची होती. ब्लाउज, परकर, शाळेचा गणवेश, पुन्हा ब्लाउज. काळं पायमशीन उषाचं, बॉबिन भरायची, पट्टा सैल झाला की कापून जोडायचा. फ्रॉकला झालर लावायची तर दोन ओळी मोठी टीप घालायची, दोरे ओढायचे आणि चुण्या बोटांनी सारख्या करत बसायचं. दोरा मधेच तुटला की पहिल्यापासून. ज्यांना ‘हाताच्या कामाची मजाच वेगळी’ असं वाटतं, त्यांनी साटनच्या पट्टीला एकदा असं करून बघावं.

मग रफलर आला. तळहातावर मावणारं लोखंडी अटॅचमेंट. त्याचा चिमटा सुईच्या स्क्रूला पकडतो, सुई खाली आली की आतलं दातेरी पातं कापड पुढे ढकलतं आणि चुणी पडते. एक, सहा आणि बारा असे आकडे असतात; प्रत्येक टाक्याला चुणी हवी की सहाव्या की बाराव्या, ते त्यावर ठरतं. सिंगरवाल्यांनी हे शंभर वर्षांपूर्वीच घराघरांत पोचवलं होतं. आमच्याकडे मात्र ज्या बाईकडे तो असे ती पदराखाली लपवून ठेवी. आवाज असा की शेजारी विचारायचे, मशीन बिघडलं का? पण फ्रॉकपुरतं ठीक. मांडवाच्या झालरीला रफलर लावला की तासाभरात सुईचा दांडा गरम व्हायचा.

माझं दशक सुरू झालं 1998 ला. त्या वर्षी लोकल पनवेलपर्यंत आली. कोकण रेल्वेही त्याच वर्षी पूर्ण सुरू झाली. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली भरू लागली. जमिनीचे पैसे आलेल्या गावांतून हळदी मोठ्या होऊ लागल्या. आगरी हळद ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. लग्नापेक्षा हळदीचा मांडव मोठा, आणि मांडव म्हटला की झालर. छताला झालर, खांबांना झालर, स्टेजच्या कडेला झालर, जेवणाच्या टेबलांना झालर. ‘हम आपके हैं कौन’नंतर मुलींना घागरे हवे होते ते वेगळेच. काम दारात उभं होतं आणि माझ्याकडे रफलर.

झालरीचं नवं मशीन घेणं म्हणजे वेडेपणा होता. त्या पैशात मी सरळ टिपेची चार घेतली असती. जुनं मात्र मिळायचं. ही खास मशीनं निर्यातीच्या कारखान्यांतून येत. कारखान्याला परदेशातून झालरीच्या स्कर्टची ऑर्डर आली की तो तेवढ्यासाठी मशीन घेई. पुढच्या हंगामात फॅशन बदलली की ते कोपऱ्यात जाई. काज-बटणाच्या मशीनला कायम गिऱ्हाईक असतं, झालरीच्या मशीनला नसतं. म्हणून ते स्वस्त पडे आणि म्हणूनच ते घेणाऱ्याला फसवणंही सोपं असे.

उल्हासनगरच्या एका गाळ्यात मला ते दिसलं. मूळचं ओव्हरलॉकच, पण झालरीसाठी बनवलेलं, जपानी. व्यापाऱ्याने अकरा हजार सांगितले. ‘ताई, दोनच वर्षं चाललंय.’ जुन्या बाजारातलं प्रत्येक मशीन दोनच वर्षं चाललेलं असतं. मी सुईखालची पट्टी काढायला लावली. तिच्या भोकाभोवती ओरखडे असले तर सुया वारंवार आपटून मोडल्या आहेत असं समजावं. चाक हाताने सावकाश फिरवून पाहिलं, सुईचा दांडा दोन बोटांत धरून हलवला. तेल बघितलं. आणि कापड माझं घेऊन गेले होते. व्यापारी चाचणीला नेहमी कडक सुती कापड ठेवतात, त्यावर कुठलंही मशीन छान चालतं. मी साटनची आणि नेटची पट्टी पिशवीतून काढली तेव्हा त्याचा चेहरा पडला. सौदा नऊ हजारांवर आला. मोटर थ्री-फेजची होती, ती मी घेतलीच नाही. घरच्या विजेवर ती चालणार कुठून! कितीतरी बायकांनी ती मोटर मशीनबरोबर आणली आणि नंतर भंगारात घातली.

हेड आणलं दिवा-पनवेल गाडीच्या लगेजच्या डब्यातून. टेबल नंतर टेम्पोने, शिळफाट्यावरून. पनवेलच्या त्या मेकॅनिकने सिंगल-फेजची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर बसवून दिली आणि मग पात्याचं गणित समजावलं. इथे मला थोडं सविस्तर बोलू द्या, कारण हे आता विचारायला माणूस नाही.

साध्या मशीनला कापड ओढणारे खालचे दाते एका तुकड्याचे असतात. या मशीनला दोन. पुढचे दाते जास्त सरकतात, मागचे कमी. कापड पुढून भराभर येतं आणि मागून हळू जातं; मधे साचतं त्याची चुणी होते आणि सुई ती तिथल्या तिथे शिवून टाकते. एवढ्यावर पातळ कापडाचं भागतं. दाट झालरीला आणखी एक पातं पुढे-मागे होत कापड सुईखाली लोटतं, आणि झालर ज्याला जोडायची त्या वरच्या सपाट कापडाला चुणी पडू नये म्हणून दोन्हींच्या मधे पातळ पोलादी पट्टी असते. ते पातं केसभर खाली असलं तर दात्यांवर घासतं, केसभर वर असलं तर साटन निसटतं. नेटला वेगळं, साटनला वेगळं, सुतीला वेगळं. तो मेकॅनिक कानाने लावायचा. पोस्टकार्डाचा तुकडा पात्याखाली सरकवून अंतर बघायचा, मग डोळे मिटून मशीन पळवायचा. पैसे घ्यायचा साधे, उपदेश करायचा फार.

त्या वर्षांत माझ्याकडे चार प्रकारचं गिऱ्हाईक होतं. शाळांच्या गॅदरिंगबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पऱ्यांचे झगे, एक दिवस घालायचे, भाव पाडून मागायचे. नवरात्राच्या घागऱ्यांत जीव रमायचा. घागऱ्याचा हिशेब ऐका. वरचा थर एक मीटरचा धरला आणि प्रत्येक थर आधीच्याच्या दीडपट घेतला, तर पाचवा थर पाच मीटरच्या वर जातो आणि सगळे मिळून तेरा मीटर होतात. मुलगी गरब्यात एक गिरकी घेते, तिच्या पायाशी पाच मीटर कापड फिरत असतं.

तिसरं गिऱ्हाईक होतं डान्सबारमध्ये नाचणाऱ्या मुलींचं. पनवेलच्या आसपास हमरस्त्याला बार होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. त्या मुली दुपारी यायच्या, कापड स्वतः आणायच्या, थर किती आणि चुणी केवढी हे नेमकं सांगायच्या आणि पैसे रोख द्यायच्या, बरेचदा आगाऊ. आमच्या आळीतल्या दोन-तीन सभ्य बायांनी तेवढ्यावरून माझ्याकडे ब्लाउज टाकणं बंद केलं. त्याच बायांच्या घरच्या हळदीच्या मांडवाची बिलं माझ्याकडे महिनोन्‌महिने पडून असत, हे इथे लिहून ठेवते. ऑगस्ट 2005 मध्ये आर. आर. पाटील गृहमंत्री असताना बंदीचा कायदा आला. 2006 च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. निकाल लागत राहिले, मुली परत आल्या नाहीत. त्यांचं पुढे काय झालं यावर चर्चा करणारे तेव्हाही थोडे होते.

चौथं गिऱ्हाईक म्हणजे मांडववाले, आणि माझं खरं भांडण त्यांच्याशी. झालरीचा भाव ते तयार मीटरवर द्यायचे. आता बघा, शंभर मीटर झालर करायची. चुणी अडीचपट धरली तर अडीचशे मीटर पट्टी लागते. आधी पन्ना आडवा फाडून पट्ट्या काढायच्या, त्या एकमेकींना जोडायच्या. मग खालची कड दुमडून अडीचशे मीटर टीप. मग वरून चुणीची अडीचशे मीटर टीप. मशीनखालून पाचशे मीटर जातं आणि बिल शंभर मीटरचं. रफलरवर काम करत होते तोवर हे त्यांना पटवता तरी यायचं, कारण वेळ दिसत होता. जुनं मशीन घेतलं, काम झपाट्याने होऊ लागलं, आणि ते म्हणाले, ‘काकू, आता तर तुमचं मशीनच करतंय, भाव कमी करा.’ नऊ हजार माझे, वीज माझी, पात्याची धार माझी, आणि वेगाचा फायदा त्यांचा. एका बड्या डेकोरेटरने तर झालर मोजताना ती खेचून, चुण्या आवळून मोजली. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि खाली सतरंजीवर सोडून मोजली. त्या दिवसापासून माझी झालर सतरंजीवरच मोजली गेली. पण भाव तयार मीटरचाच राहिला, पुढेही.

2008 नंतरचं काय सांगायचं! तयार झालर थानाच्या थान येऊ लागली, आधी उल्हासनगरहून, मग सुरतेहून. पॉलिएस्टरची, धुतली तरी चुणी न मोडणारी, आणि माझ्या दोऱ्याच्या खर्चात मिळणारी. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा मला उगाच वाटलं, आता गणपतीची मखरं कापडाची होतील, झालर परत येईल. मखरं झाली कापडाचीच. पण घडीची, पिशवीतून विकली जाणारी, कुठल्या गावी शिवलेली कुणास ठाऊक. त्याच सुमारास झालरीच्या साड्या निघाल्या, त्यांचे दोन हंगाम झाले. मग 2020 मध्ये सगळंच थांबलं.

आणि आता शिलाई मशीन म्हणजे भेटवस्तू झाली आहे. निवडणूक जवळ आली की मांडव घालायचा, बायकांना रांगेत बसवायचं, मशीन द्यायचं, फोटो काढायचा. 2023 च्या विश्वकर्मा योजनेत शिंप्यांना अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मिळतात. ते चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण या सगळ्यांत वाटलं जातं ते सरळ टिपेचंच मशीन, आणि सरळ टिपेचं काम गल्लीत आधीच दहा जणींत वाटलेलं असतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींपैकी निम्म्यांच्या घरी फुकटचं मशीन आहे, वर टीव्ही ठेवलेला. खास काम करणारं जुनं मशीन कुठे मिळतं, ते कसं पारखायचं, बिघडलं तर कोण बघणार, हे कुठल्याच योजनेच्या अर्जात नसतं. मेकॅनिकला तर शिकाऊ मुलगासुद्धा मिळाला नाही. विमानतळावर सामान उचलायच्या नोकरीत पगार दरमहा हातात पडतो. त्या मुलांचं काय चुकलं!

माझं मशीन चालतं. गाळा रिकामा करताना मेकॅनिकने दोन जास्तीची पाती दिली आणि डीसी सुयांचं एक पाकीट. मी पातं बऱ्यापैकी लावते आता, नेटवर अजून जमत नाही. मध्यंतरी उलव्याच्या एका इव्हेंटवाल्या मुलाचा फोन आला होता. मुंबईच्या कुठल्या लग्नासाठी त्याला सुती झालर हवी आहे, हाताने रंगवलेल्या कापडाची, तयार मिळत नाही म्हणे. चारशे मीटर. भाव विचारला.

‘कुठल्या मीटरचा?’ मी विचारलं.

त्याला कळलं नाही. मी त्याला कापड घेऊन यायला सांगितलं आहे, आणि अर्धे पैसे आगाऊ.