शहर वाढलं की गुन्हे वाढतात? लंडनचा इतिहास काय सांगतो

खेडं साधं, शहर गुन्हेगारीचं, असं आपण सहज बोलून जातो. पण लंडनच्या जुन्या नोंदी वेगळंच सांगतात!

१८०१ मध्ये लंडनची वस्ती साधारण १० लाख होती. १९०१ पर्यंत उपनगरांसह ती ६५ लाखांवर गेली. सुरुवातीला धक्का बसलाच. लंडनसह संपूर्ण इंग्लंड-वेल्समध्ये १८०५ साली गंभीर गुन्ह्यांसाठी सुमारे ४,६०० जण खटल्यासाठी पाठवले गेले, १८४२ मध्ये ३१,००० हून जास्त. या वाढीमागे बेकारी आणि भूक होती, तशीच पोलीस व खटल्यांची वाढलेली यंत्रणाही.

१८५० नंतर मात्र शहरं फुगत राहिली आणि नोंदलेल्या चोऱ्या-मारामाऱ्यांचं प्रमाण उतरत गेलं. शतकाअखेर खुनांचं प्रमाण लाखामागे एकाच्या आसपास आलं. मध्ययुगात ते याच्या कितीतरी पट होतं. तेव्हा भाकरी कापायची सुरी कमरेलाच असायची; दारूच्या अड्ड्यावर शब्दाने शब्द वाढला की तीच बाहेर निघायची. जखम चिघळली की माणूस गेला.

मग बदललं काय? १८२९ पासून गणवेशातले पोलीस गस्त घालू लागले, रस्त्यांवर गॅसचे दिवे आले, १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर मुलं शाळेत बसू लागली. रविवारची दारू उतरवण्यासाठी सोमवारी दांडी मारणारा कारागीर गिरणीच्या घंटेला बांधला गेला. इतिहासकार रॉजर लेन यांनी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाबद्दलही असंच मांडलं आहे: कारखाना आणि शाळेच्या शिस्तीने हिंसा घटली.

म्हणून दोष गर्दीला देऊ नका. शहरात आलेल्या माणसाला काम, शाळा आणि उजेड मिळतो का, हे आधी विचारा.