मांडुळाला तोंड एकच असतं

‘मांडूळ सापडलं तर कळवा, पार्टी तयार आहे.’ भूमपासून उमरग्यापर्यंत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते कानावर पडलं की राग येतो. सांगणारा अडाणी असतो असंही नाही. शिकलेला, एरवी हिशोबाला पक्का माणूस गंभीर चेहऱ्याने सांगतो की मांडुळाला दोन तोंडं असतात, सहा महिने ते एका बाजूने चालतं आणि सहा महिने दुसऱ्या. गुप्तधन पुरलेलं असतं तिथेच ते राहतं. आणि ठरावीक वजनाच्या वर गेलं की त्याला कोटींत भाव मिळतो. यातलं काहीही खरं नाही. पण यापायी लोक पैसे घालवतात, तुरुंगात जातात, आणि शेतकऱ्याच्या उपयोगाचा एक निरुपद्रवी साप पोत्यात कोंडून मरतो.

दोन तोंडांचं आधी बघू. मांडुळाची शेपटी निमुळती नसते, ती बोथट आणि डोक्याएवढीच जाड असते. संकट दिसलं की ते अंगाचं वेटोळं करून डोकं त्याखाली लपवतं आणि शेपटी वर उचलून हलवत राहतं. घार, मुंगूस किंवा कुत्रा त्या शेपटीलाच डोकं समजून चावा घेतो. शेपटीला जखम झाली तरी साप जगतो, डोक्याला झाली तर मरतो. सगळी युक्ती एवढीच आहे. त्या टोकाला मेंदू नाही, डोळा नाही, जीभ नाही. शंका असेल त्याने थोडा वेळ लांबून शांतपणे पाहावं: दुभंगलेली जीभ एकाच टोकातून बाहेर येते. पूर्वी काही गारुडी मांडुळाच्या शेपटीवर डाग देऊन डोळे-तोंडाच्या खुणा उमटवत आणि खेळात ‘दुतोंड्या’ म्हणून दाखवत. कित्येकांनी दुसरं तोंड पाहिल्याची शपथ घेतली, ती या खुणांच्या जोरावर. खरोखर दोन डोक्यांचे साप क्वचित जन्मतात, पण तो जन्मजात दोष असतो. तो कुठल्याही जातीच्या सापात होऊ शकतो आणि दोन्ही डोकी एकाच बाजूला असतात.

आता गुप्तधन. ही समजूत आपल्या जिल्ह्यात जास्त घट्ट का आहे ते मला कळतं. इथे जमिनीतून खरोखरच जुन्या वस्तू निघतात. तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आणि टॉलेमीच्या भूगोलात त्या बाजारपेठेचा उल्लेख आहे. तेरच्या पांढरीतून सातवाहनकाळातली नाणी, मणी, भाजलेल्या मातीच्या मूर्ती निघाल्या आणि गावातल्या लामतुरे संग्रहालयात त्या आज कुणालाही पाहता येतात. त्या उजेडात आणल्या नांगराने, पावसाने आणि उत्खनन करणाऱ्यांच्या कुदळीने. सापाचा त्यात काही हात नव्हता. मांडूळ जुन्या गढीच्या भिंतीपाशी किंवा पांढरीच्या ढिगाऱ्यात दिसतं याचं कारण सरळ आहे. तिथली माती भुसभुशीत असते, तिच्यात उंदरांची बिळं असतात आणि उंदीर हे मांडुळाचं मुख्य अन्न आहे. धान्याच्या कणगीपाशीही ते याच कारणाने येतं.

आणि खरंच धन सापडलं तर? १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. गुप्तधनाच्या नावाने अघोरी प्रकार करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. म्हणजे मांडुळाच्या मागे लागून अमावास्येला खड्डा खणणारा माणूस एकाच रात्रीत तीन कायद्यांच्या कचाट्यात सापडू शकतो, कारण तिसरा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्यानुसार मांडूळ पकडणं, बाळगणं, विकणं, विकत घेणं, सगळंच गुन्हा आहे. ‘मी विकत नव्हतो, नुसतं सांभाळत होतो’ ही सबब चालत नाही.

मला सर्वांत चीड येते ती कोटींच्या भावाची. भाव कोण देतं? औषध कंपनी म्हणावी, तर मांडुळाच्या मांसाने, रक्ताने वा कातड्याने कर्करोग, एड्स किंवा नपुंसकत्व बरं होतं याला वैद्यकशास्त्रात कुठलाही आधार नाही. परदेशी खरेदीदार म्हणावा, तर आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात हा साप आहे. या साखळीत प्रत्येक जण मधला असतो. एक दुसऱ्याला फोटो पाठवतो, दुसरा तिसऱ्याकडून ‘टोकन’ घेतो, तिसरा वजन कमी भरलं म्हणून मोठं जनावर आणायला सांगतो. शेवटच्या गिऱ्हाइकाला कुणीच पाहिलेलं नसतं. पैसे फिरतात ते फक्त एका फसलेल्याकडून दुसऱ्या फसवणाऱ्याकडे.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी-इंडियाने २०१६ ते २०२१ या काळातल्या बातम्या गोळा करून अहवाल काढला. त्यात मांडूळ जप्तीच्या १७२ घटना आहेत, १८ राज्यं आणि एका केंद्रशासित प्रदेशातल्या. सर्वांत जास्त, म्हणजे ५९, आपल्या महाराष्ट्रातल्या. आणि या केवळ बातमीपर्यंत पोचलेल्या घटना. नुकसान कसं होतं तेही समजून घ्या. मांडुळाची मादी नरापेक्षा मोठी असते. ती अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. ‘जड जनावर आणा’ असं सांगणारा बाजार नेमक्या पिल्लं देणाऱ्या मोठ्या माद्याच उचलून नेतो.

याच सापाभोवतीचा दुसरा घोळ वाळूचा. इंग्रजीत मांडुळाला ‘रेड सँड बोआ’ म्हणतात. त्यावरून कुणी ते मूळचं राजस्थानचं ठरवतं, तर कुणी घराजवळ सापडलेलं मांडूळ तेरणेच्या किंवा सीनेच्या वाळूत नेऊन सोडतं आणि पुण्य केल्यासारखं परततं. मांडूळ इथलंच आहे. कोरडा माळ, मुरमाड जमीन, शेताचे बांध, मऊ माती एवढं त्याला पुरतं. नदीची उघडी वाळू त्याला आडोसा देत नाही, शिवाय तिथे वाळू उपसणारी यंत्रं चालू असतात.

गंमत अशी की मांडुळाच्या शास्त्रीय नावात वाळू नाहीच. ते नाव ‘एरिक्स जॉनाय’. एरिक्स हा ग्रीक पुराणातला सिसिलीचा राजा आणि तिथल्या डोंगराचं नाव. जॉन म्हणजे तरंगमबाडीला राहून निसर्गाचा अभ्यास करणारा जर्मन धर्मप्रचारक क्रिस्टोफ सॅम्युएल जॉन. पॅट्रिक रसेलने १८०१ मध्ये या सापाचं वर्णन करताना त्याचं नाव दिलं.

उलट ज्यांच्या शास्त्रीय नावात वाळू आहे ते आपल्याकडे दगडा-मातीत राहतात. तांबूस शेपटीचा चंडोल पाहा. त्याचं नाव ‘अम्मोमानेस फिनिक्युरा’. ग्रीकमध्ये ‘अम्मोस’ आणि ‘प्सामोस’ दोन्ही शब्द वाळूचे, त्यामुळे अम्मोमानेस म्हणजे वाळूचा वेडा. हा पक्षी नांगरलेल्या काळ्या रानात आणि खडकाळ माळावर ढेकळांवरून फिरतो. त्याच्या वंशातले दुसरे चंडोल सहारा आणि अरबस्तानात राहतात, नाव त्यांना शोभतं. वंशाचं नाव हे आडनावासारखं असतं. पाटील आडनावाचा प्रत्येक जण गावची पाटीलकी करत नाही. ‘प्सामोफिलस’ म्हणजे वाळूप्रेमी, पण हे नाव मिळालेले दख्खनचे सरडे तापलेल्या कातळावर बसतात. प्राण्यांच्या नामकरणाचा आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे की एकदा रीतसर दिलेलं नाव वर्णनाला जुळत नाही म्हणून बदलता येत नाही. वनस्पतींत तर नुसत्या उच्चाराने फसगत होते. दादमारीचं ‘अम्मानिया’ हे नाव वाळूचं वाटतं, पण ते सतराव्या शतकातल्या पाउल अम्मान या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या आडनावावरून आलं आहे. हे रोप वाढतं ते तळ्याकाठच्या ओल्या चिखलात. तेव्हा नाव वाचून प्राण्याचा पत्ता ठरवू नये. सुटका केलेला साप जिथे सापडला त्याच्या जवळच, आडोशाला सोडायचा असतो आणि ते काम वन विभागाचं आहे. त्यांचा मदत क्रमांक १९२६.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. मांडुळाने चाटलं की कुष्ठरोग होतो: कुष्ठरोग जिवाणूमुळे होतो, सापामुळे नाही. मांडूळ विषारी आहे: नाही, ते भक्ष्याला आवळून मारतं. मांडूळ दूध पितं: कुठलाच साप दुधावर जगत नाही. कुंडीत सापडणारा गांडुळासारखा काळा, चकचकीत जीव मांडुळाचं पिल्लू असतो: तो वाळा, पूर्ण वाढलेला वेगळाच साप. तो मुंग्या-वाळवीची अंडी खातो, त्याच्यात सगळ्या माद्याच असतात आणि तो झोपलेल्याच्या कानात शिरत नाही.

एक गैरसमज मात्र थोडक्यात सोडता येत नाही, कारण त्यात जीव जातो. मांडुळाचा जवळचा नातेवाईक डुरक्या घोणस बिनविषारी आहे आणि घोणशीसारखा दिसतो म्हणून मारला जातो. पण याच्या उलट चूक जास्त भयंकर. घोणशीला डुरक्या किंवा अजगराचं पिल्लू समजून हात लावला जातो. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, डोकं त्रिकोणी आणि मानेपासून वेगळं दिसतं, आणि ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. डुरक्याचे ठिपके वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले आणि शेपटी आखूड असते. एवढं माहीत असलं तरी हातात घेऊन खात्री करू नका. चावा झालाच तर साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. सरकारी रुग्णालयात मिळणारं सर्पविषावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच असतं. चावलेला हात किंवा पाय हलू न देता, दोरीने न आवळता, जखमेवर चिरा न देता माणसाला थेट तिथे पोचवा.