पंप कंट्रोलर बनवायचाय? मग आधी सीनियर इंजिनिअरसारखा विचार करा!



यवतमाळ जिल्ह्यात इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, मोटर स्टार्टर दुरुस्त करणारे हुशार कारागीर भरपूर आहेत. त्यातल्या अनेकांच्या डोक्यात एकच विचार घोळतो : "दुरुस्ती किती दिवस करायची? आता स्वतःच्या ब्रँडचा सोलर पंप कंट्रोलर काढतो!" विचार चांगला आहे. पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये आली, नंतर राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली, त्यामुळे मागणी आहेच. पण दुरुस्ती करणं वेगळं आणि प्रॉडक्ट बनवणं वेगळं. हा फरक ज्याला कळतो, तो पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचा सीनियर इंजिनिअर.

तो नेमकं करतो काय?

सर्किट तर ज्युनिअरही काढतो. सीनियरचं काम म्हणजे "हे कुठे, कधी आणि का जळेल?" हा प्रश्न माल विकण्याआधी विचारणं. त्याचे तीन मुख्य मुद्दे बघू.

१. उष्णता

५ एचपी पंपाला साधारण ४८०० वॅटचे पॅनल लागतात. कंट्रोलरची कार्यक्षमता ९६ टक्के असेल तर भर उन्हात जवळपास १९० वॅट उष्णता डब्यातच तयार होते. तीच ९८ टक्के केली तर ९६ वॅट. म्हणजे कार्यक्षमता फक्त दोन टक्क्यांनी वाढली, पण उष्णता निम्मी झाली!

आता आपला मे महिना आठवा. बाहेर पारा ४५ च्या आसपास, आणि उन्हात टांगलेल्या बंद डब्यात त्याहून कितीतरी जास्त. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. १०५ अंशांना ५,००० तास टिकणारा कपॅसिटर ८५ ला अंदाजे २०,००० तास आणि ७५ ला ४०,००० तास टिकतो. म्हणून हीटसिंक मोठा घेणं आणि डब्यावर सावलीचा पत्रा लावणं ही चैन नाही.

२. लांब केबल

कंट्रोलर शेताच्या कडेला आणि मोटर बोअरमध्ये खोल. आयजीबीटी अतिशय वेगाने चालू-बंद होतात, त्यामुळे लांब केबलच्या टोकाला, मोटरवर, व्होल्टेज डीसी बसच्या जवळपास दुप्पट उसळू शकतं. ४१५ व्होल्टच्या मोटरसाठी डीसी बस ५९० व्होल्टच्या आसपास लागते. दुप्पट किती, तुम्हीच काढा! मोटरचं वाइंडिंग जळतं, आणि शेतकरी म्हणतो "मोटर खराब निघाली." सीनियर इंजिनिअर आधी केबलची लांबी विचारतो आणि गरज असेल तिथे आउटपुट फिल्टर लावतो.

३. वीज, धूळ, पाली

मान्सूनपूर्व वादळात कडाडणाऱ्या विजेसाठी सर्ज प्रोटेक्शन आणि पक्कं अर्थिंग हवंच. सर्ज प्रोटेक्शन बसवलं पण अर्थिंगच नाही, तर झटका जाणार कुठे? डब्यात धूळ, मुंग्या, पाली शिरू नयेत म्हणून केबलची भोकं ग्लँडने बंद करा. स्वस्तातला उपाय, पण सगळ्यात जास्त विसरला जाणारा!

आता पैशाचं गणित

समजा, तुम्ही ५ वर्षांच्या वॉरंटीने २०० नग विकले. एका बिघाडाचा खर्च (गाडी, माणूस, पार्ट) ३,५०० रुपये धरा.

- दरवर्षी ३ टक्के बिघाड : ५ वर्षांत ३० कॉल, खर्च १,०५,००० रुपये. म्हणजे नगामागे ५२५ रुपये.
- दरवर्षी १० टक्के बिघाड : १०० कॉल, खर्च ३,५०,००० रुपये. म्हणजे नगामागे १,७५० रुपये.

हीटसिंकमध्ये ३०० रुपये वाचवले आणि वॉरंटीत १,२२५ जास्त घातले, तर धंदा झाला का? आणि उमरखेडच्या एखाद्या शेतकऱ्याचा उन्हाळी भुईमूग पाण्यावाचून आठ दिवस राहिला, तर त्याचं नुकसान या हिशोबात कुठेच दिसत नाही. तो पुन्हा तुमचं नाव घेणार नाही, आणि गावात दुसऱ्यालाही घेऊ देणार नाही.

इंजिनिअर परवडत नसेल तर?

पूर्णवेळ ठेवायची गरज नाही. अनुभवी माणसाला डिझाइन तपासण्यापुरतं, ठरावीक फी देऊन बोलवा. पण त्याला "स्वस्त करून द्या" म्हणू नका. "कुठे जळेल ते सांगा" म्हणा. आणि पहिले १० नग विकू नका. ओळखीच्या शेतात लावा, एक पूर्ण उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या शेवटच्या २० कंट्रोलरची वही काढा. काय जळलं, कोणत्या महिन्यात, केबल किती लांब होती, अर्थिंग होतं का, एवढं लिहा. मोठ्या कंपनीचा इंजिनिअर ज्या माहितीसाठी गावोगाव फिरतो, ती तुमच्या टेबलावर रोज येते. तिचा उपयोग करा, मगच ब्रँडचं नाव ठरवा!