सायकल येणे आवश्यक

ग्रामीण डाक सेवकांच्या भरतीच्या जाहिरातीत वय आणि दहावीच्या अटींबरोबर आणखी एक अट असते. उमेदवाराला सायकल चालवता आली पाहिजे. पाठोपाठ सवलतही आहे. स्कूटर किंवा मोटारसायकल येत असेल, तर सायकल येते असे समजले जाईल. शिरूर-दौंडकडे आता या सवलतीचाच जमाना आहे.

दोन्ही तालुके पुणे जिल्ह्यातले, मधे भीमा. पण टपाल त्यांच्याकडे आले वेगवेगळ्या वाटांनी. दौंडकडे 1858 साली रेल्वे पोचली, 1878 मध्ये मनमाडचा फाटा फुटला आणि गाव जंक्शन झाले. मेल गाड्यांत टपालाचा डबा असे. पत्रांची छाटणी रात्रभर धावत्या गाडीतच चाले आणि स्टेशन आले की तिथली थैली खाली उतरे. शिरूरला आजही रेल्वे नाही. तिथला सगळा कारभार नगर रस्त्यावर. पेशवाईत जासूद, कंपनी सरकारात घुंगरांचा भाला घेतलेला हरकारा, मग टपालाचा टांगा, मग मोटार. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी नगरहून पुण्याला निघाली, तीही याच रस्त्याने. पुढे थैल्यांनीही एसटी धरली. पिनकोडातसुद्धा हा फरक दिसतो. शिरूर 412210, तर दौंड 413801. पहिले तीन आकडे छाटणीच्या जिल्ह्याचे, आणि 413 हे सोलापूरचे. जिल्हा पुणे, पण पत्राचे गणगोत रुळांच्या दिशेचे!

थैली फाट्यावर उतरली की खात्याची वाहनव्यवस्था संपते. तिथून आत ज्याची त्याची सोय. शाखा डाकघराची जागासुद्धा बहुधा शाखा डाकपालाच्या घरातलीच. सायकल सेवकाची, बाभळीच्या काट्याने झालेले पंक्चरही त्याचेच. सातव्या वेतन आयोगाने तर पोस्टमनचा सायकल भत्ता बंदच करायला सांगितला होता. 2017 मध्ये सरकारने तो राखला आणि महिना 90 रुपयांचे 180 केले. हे कायम नोकरीतल्या पोस्टमनचे. तेवढ्या पैशांत आज दोन लिटर पेट्रोलही येत नाही.

अमेरिकेत 1896 पासून खेडोपाडी घरपोच टपाल सुरू झाले, तेव्हा तिथलाही टपालवाला स्वतःचाच घोडा नि गाडी घेऊन निघे. आजही तिथले कित्येक जण स्वतःची मोटार वापरतात. पण तिथे पत्रपेटी रस्त्याच्या कडेला असते, गाडीत बसूनच हात घालायचा. इकडे शिरूर-दौंडमध्ये न्हावऱ्याकडच्या किंवा पारगावच्या वस्त्या उसात शिरलेल्या. तिथे चारचाकीचा उपयोग काय?

ओझेही बदलले. पोस्टकार्ड आणि मनीऑर्डरींना सायकलचे कॅरियर पुरत होते. आता पत्रे कमी, पण आधार कार्डे, एटीएम कार्डे, पार्सले. त्यात रांजणगाव नि कुरकुंभच्या एमआयडीसींमुळे बाहेरगावहून आलेल्यांचे पत्ते वाढलेले. 2018 साली पोस्ट पेमेंट्स बँक आल्यापासून अंगठा घेऊन दारात रोकड द्यायची, म्हणजे पैसे जवळ बाळगून फिरायचे. हे काम सायकलवर निभत नाही, म्हणून सेवकाने मोटारसायकल घेतली.

या मोटारसायकलला लाल रंग नाही, खात्याची पाटी नाही. सेवकाची नोकरी दिवसाला चार-पाच तासांची, आणि पोटापाण्याचे दुसरे साधन असलेच पाहिजे असा खात्याचाच नियम. त्यामुळे टपालाची गाडी अर्धा दिवस शेताची किंवा डेअरीची असते, आणि तिचा हप्ता फेडायचा तो या दोन्ही कमायांतून.