पपईला देवी टोचणारा शास्त्रज्ञ



ज्यांनी पपई लावली आहे त्यांना हा रोग नव्याने सांगायला नको. शेंड्याची पाने पिवळी पडून आक्रसतात, पुढे दोरीसारखी बारीक होतात. देठावर तेलकट रेघा, फळावर गोल गोल कडी. झाड लगेच मरत नाही, पण धड फळही देत नाही. खतपाणी मात्र घेत राहते! आपण त्याला नुसते 'व्हायरस' म्हणतो.

याच रोगाने अमेरिकेच्या हवाई बेटांवरची पपई बसवली होती. १९४० नंतर ओआहू बेटावरच्या बागा गेल्या, तेव्हा बागाईतदार दुसऱ्या बेटावर पुना नावाच्या भागात सरकले. (इंग्रज आपल्या पुण्याला पूना म्हणत, तेवढेच साम्य.) तेथे रोग नव्हता. पण तो आज ना उद्या तेथेही येणार, हे डेनिस गोन्साल्विस यांनी ओळखले. हे हवाईतल्याच उसाच्या मळ्यावर वाढलेले, पुढे कॉर्नेल विद्यापीठात वनस्पतिरोगांचे संशोधक झाले.

त्यांनी प्रथम सौम्य व्हायरस झाडाला टोचून पाहिला. आपल्याकडे पूर्वी देवी टोचत, तोच विचार. पण त्या सौम्य व्हायरसनेही पाने-फळे बिघडत. मग त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हायरसच्या बाहेरच्या आवरणाचे जनुक, म्हणजे ते आवरण घडविणारा बीजगुण, वेगळा काढला. धातूच्या अतिसूक्ष्म कणांना तो लावून बंदुकीसारख्या यंत्राने पपईच्या पेशींत मारला. हजारो पेशींतून मोजकीच रोपे उपयोगी निघाली. अशा झाडात तोच व्हायरस शिरला, की झाड त्याला वाढू देत नाही.

१९९२ च्या एप्रिलमध्ये ओआहूवर चाचणीची झाडे लागली आणि मे महिन्यात पुन्यात रोग सापडला! सरकारी माणसांनी रोगट झाडे तोडून पाहिली, पण १९९४ च्या अखेरीस हात टेकले. पुढच्या वर्षी पुन्यातच लावलेल्या चाचणीत साधी झाडे पिवळी पडली, नवी हिरवीगार उभी राहिली. नव्या जातीचा गर लाल होता आणि बागाईतदारांना हवा होता पिवळा. म्हणून तिचा तेथल्या कापोहो जातीशी संकर केला. तीच 'रेनबो'. सरकारी तपासण्या होऊन १९९८ च्या मे महिन्यात बी फुकट वाटले. विक्री मात्र सगळीकडे सोपी गेली नाही. जपानने हे फळ २०११ च्या अखेरपर्यंत घेतले नाही.

आता तुमचा प्रश्न मला ठाऊक आहे: ते बी आम्हांला मिळेल का? नाही. अशा पपईच्या लागवडीला आपल्या देशात परवानगी नाही. शिवाय 'रेनबो'ची ताकद हवाईतल्या व्हायरसपुरती. बाहेरच्या देशांतल्या व्हायरसपुढे ती चाचणीत टिकली नाही. तेव्हा 'परदेशी, व्हायरस न येणारे बी' म्हणून कोणी पाकीट पुढे केले, तर पैसे खिशातच ठेवा. लग्नासाठी साठवलेला पैसा अशा रोपांत घातलेली घरे मी पाहिली आहेत.

आपल्या हाती आहे ते करा. मावा रोगट झाडाला सोंड लावून क्षणात पुढच्या झाडावर जातो, म्हणून नुसत्या फवारणीने रोग थांबत नाही. रोपे जाळीखाली वाढवा. बागेभोवती मक्याच्या दोन ओळी आधीच लावा. काकडी-भोपळा पपईजवळ नको. हा व्हायरस त्या वेलांवरही राहतो. आणि पहिले रोगट झाड दिसताच, फळे धरली आहेत म्हणून न थांबता, उपटून पुरा. शेजाऱ्यालाही तेच करायला लावा. त्याचे एक झाड राहिले, तर तुमचे उपटलेले फुकट जाते. गृहिणींनो, यात तुमची नजर आमच्यापेक्षा तेज असते. सकाळी बागेतून जाताना शेंडे तेवढे पाहत चला.